शेवंताबाईची येळवस

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणाला, माकणी गावात जो तो भज्जी-आंबील घेऊन शेतात जातो आणि दिसेल त्याला जेवायला बसवतो. शेवंताबाईनंही पहाटे उठून टोपभर भज्जी शिजवून शेतात आणली होती. पण यंदा चर्चला जायला लागल्यामुळं तिनं कडब्याच्या कोपीत पाच दगडांचे पांडव पूजेला मांडले नाहीत, म्हणून भावकी फिरकली नाही. आणि "हा आपला सण नाही, बाई," असं पाळकसाहेबांनी रविवारी चर्चमध्ये सगळ्यांदेखत बजावलं होतं, म्हणून चर्चमधलंही कुणी आलं नाही.

भज्जी गार व्हायला लागली तशी ती उठली, पदर खोचला आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. लोहाऱ्याहून येणारी वडाप जीप करकचून थांबली.

"जेवल्याबिगर एकालाबी फुडं जाऊ देणार न्हाय," ती म्हणाली.

माणसं हसत उतरली. मागच्या सीटवर एकजण तेवढा मान खाली घालून बसून राहिला. पाळकसाहेबच होते.

शेवंताबाईनं पत्रावळ त्यांच्यापुढं धरली.



"उतरा की, पाळकसाहेब. बोलावलेले आले न्हाईत तर वाटंवरची माणसं आणून पंगतीला बसवा, ह्यो येशूचा दाखला त्याच रविवारी तुमीच सांगितला व्हता."