मंजूर रजा

हनीफनं पासबुक टाइम ऑफिसच्या खिडकीतून आत सरकवलं. “भाऊसाहेब, बँकवाले म्हणतात, हे कंपनीच्या महाबळेश्वरातल्या हॉलिडे होमचं भाडं कापलंय. मी तर तिकडं गेलोच नाही.” कारकुनानं रजिस्टर पाहून आवाज खाली आणला. “मोठ्या साहेबांचा मेव्हणा राहून आला, हनीफभाई. खोली रजेवरच्या कामगाराच्याच नावानं मिळते. तुमची परभणीला जायची रजा कागदावर मंजूर होती, म्हणून तुमचं नाव घातलं.” अम्मी अत्यवस्थ असल्याची परभणीहून तार आली, तेव्हा याच साहेबांनी रजा नाकारली होती. हनीफ पोचला तेव्हा कबरीवरची माती वाळली होती. “मंजूर होती?” “होती की. पैसे परत मिळतील, सही करा.” त्यानं सही केली. घरी बायको खोकणाऱ्या धाकटीला मध चाटवत होती. अम्मी गेल्यावर साहेबांनी आपुलकीनं दिलेली महाबळेश्वरची बाटली. हनीफनं बोट पुढं केलं. मध गोडच लागला.