खांबावरचा डाग

उंच दगडी खांबांची ती जुनी बँक घासूनपुसून घ्यायला कापडाआड गेली, त्याच आठवड्यात बाबा गेले. ते तिथे पहारेकरी होते. दाराजवळच्या खांबाला डोकं टेकून उभं राहायची त्यांची सवय. तिथे तेलाचा काळपट डाग पडला होता. घरी उशांचीही तीच गत. "डोक्याला तेल लावता की तेलात डोकं बुडवता?" अभ्रे घासताना आई करवादायची.

आज कापड उतरलं. आईचा हात धरून मी घाईघाईने पायऱ्या चढले. त्रिकोणी माथा, नक्षी, पुढचे खांब, सगळं काल घडवल्यासारखं पांढरंशुभ्र. मी बाबांचा डाग शोधू लागले.

आम्ही निरखून पाहतोय हे बघून मुकादम ओशाळला. "तेवढा दाराजवळचा खांब बघू नका, ताई. तेल पार आत मुरलंय. पण सोडणार नाही, उद्या ॲसिड मारतो."

आई त्या खांबाशी गेली. डागावर तळहात ठेवून उभी राहिली.



"राहू द्या हो," ती म्हणाली. "घरी एक अभ्रा मीही अजून धुतलेला नाही."