डावा हात

पालमच्या बसम्माच्या उजव्या दंडातून घातलेली नळी काळजापर्यंत पोचलेली. नाकाला चिमटा, तोंडात दुसरी नळी. सोडलेला श्वास रबरी पिशवीत जमला, की हृदय किती रक्त ढकलतंय ते कळणार. पण भीतीनं धाप लागलेली. माप दोनदा फसलं. “शेवटचं बघू,” डॉक्टर म्हणाले. तेवढ्यात, एक्सरेच्या आड येते म्हणून, नर्सनं बसम्माच्या गळ्यातल्या, लिंगायतांच्या इष्टलिंगाच्या चांदीच्या डबीला हात घातला. बसम्मानं तोंडातली नळी उपटली. “मेल्यावर बी उतरत न्हाई, माय! संगंच पुरतेत!” डॉक्टरांनी नर्सला थांबवलं. बसम्मानं डबी छातीवरून बाजूला, डाव्या तळहातावर घेतली, रोज पूजेला बसते तशी नजर खिळवली. पुन्हा नळी लागली. श्वास संथ झाला. पिशवी भरली. डॉक्टरांनी तोंडातली नळी काढली. “माप आलं. रक्त कमी फिरतंय. छाती उघडून झडप मोकळी करू.” “करा की,” डबी डाव्या मुठीत धरून बसम्मा म्हणाली, “पन डावा हात तेवढा माझा.”