कुंडलिकची पाळत

दिवाळीपासून कुंडलिक शिपाई गुंजवण्याच्या देवळात मुक्कामाला होता, पण ठकुबाईचा भिमा काही घराकडं फिरकला नव्हता. बेचाळीसच्या चळवळीत चावडीचं दप्तर जाळून तो रानात पळाला होता. आईला भेटायला कधीतरी येईलच, तेव्हा धरायचा, असा हुकूम होता. देवळासमोरच ठकुबाईचं दार.

निघताना फौजदार केशवरावांनी धडा दिला होता. साहेब कॉलेजात लॅटिन शिकलेले.

"बघणं याला त्या भाषेत एक क्रियापद आहे, कुंडलिक. इंग्रजीत त्याचे अर्थ किती! निरखणं, पाळत ठेवणं, राखण करणं, मान ठेवणं. तू आपला पाळतीपुरता बघ."

"जी," कुंडलिक म्हणाला. भोंगवलीच्या शेतकऱ्याचं पोर ते. त्याला राखण ठाऊक होती ती जोंधळ्याची.

पहिले काही दिवस म्हातारीनं शिव्या घातल्या. मग भाकरी आणून दिली.

"खा मेल्या! उपाशी बसून माझ्या दाराला दृष्ट लावशील."

भिमाच्याच वयाचा तो. तिची भाकरी खाताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. त्यानं मनाशी ठरवून टाकलं, भिमा आलाच तर पाठ फिरवून बसायचं. नोकरी गेली तर गेली. पण हे म्हातारीला सांगायची त्याची छाती झाली नाही. बाईमाणूस, कुठं बोलून गेली तर?

शिमगा झाला. एका सकाळी ठकुबाई सरपणाची मोळी घेऊन डोंगरात गेली. पाठोपाठ गावातले दोघंतिघं गेले. थोड्या वेळानं माळावरून धूर उठला. भाताच्या रोपासाठी जमीन भाजायचे दिवस, जिकडंतिकडं धूरच. दुपारी ती ओल्या लुगड्यानं खाली उतरली.

"मावशी, राब भाजला?"

"व्हय. भाजला."

पुढं एक दिवस तिनं त्याला पहिल्यांदाच घरात बोलावलं, पाटावर बसवलं आणि गुळाची लापशी वाढली.

"आज कसला सण, मावशी?"

"जेव गुमान. भिमाला लई आवडती."

तो पोटभर जेवला. तिनं आग्रह करकरून वाढलं.

वैशाखात भोरहून हुकूम आला. भिमावरचं वॉरंट रद्द, पाळत उठवा. कुंडलिक पळतच तिच्या अंगणात गेला.

"मावशी, सुटला भिमा! बोलीव त्याला घरी. आन् आता खरं सांगतो, त्यो आला असता तरी म्या बघितलंच नसतं. पाठ फिरवनार व्हतो."

तांदूळ निवडता निवडता ठकुबाईचे हात थांबले.

"आदी का न्हाई बोललास रं?"

"भ्यालो, मावशी. चुकलंच माझं."

"वर डोंगरात तापानं फणफणला व्हता. घरी आनायचा व्हता मला. पन तू दारात."

"मग आता कुठं हाय त्यो?"

तिनं माळाकडं बघितलं.

"राब न्हवता त्यो, लेकरा. आन् ती लापशी त्याच्या तेराव्याची."