आधी अर्धा मिळवा

“एकशे साडेबासष्ट,” उंचीच्या पट्टीवरची आडवी फळी चैतरामच्या डोक्याला टेकवून नथ्थू चपराशाने पुकारले. टेबलामागच्या हेडक्लार्कनी, बडेबाबू प्रेमलालनी, अर्जात लिहिले, एकशे बासष्ट. नाकेदाराच्या, म्हणजे जंगलाच्या पहारेकऱ्याच्या नोकरीला एकशे त्रेसष्ट सेंटिमीटर लागत होते.

फूट-इंच जाऊन सेंटिमीटर नुकतेच आले होते. छापील अर्जात उंचीला तीनच चौकोन होते, दशांशाच्या टिंबाला जागा नव्हती. त्यामुळे टिंबापुढचे जे असेल ते कापायचे, असा बडेबाबूंचा सकाळपासूनचा खाक्या होता. असे कापले गेलेले दोघे जण समोरच्या आंब्याखाली बसले होते. चैतराम तिसरा.

तो खैरलांजीकडचा. पुढच्या वर्षी वयात बसणार नव्हता, म्हणजे ही संधी शेवटचीच. पहाटे उसनी सायकल घेऊन निघताना आई मैनाबाईने त्याच्या डोक्याला तेल लावू दिले नव्हते. केस चप्प बसले तर उंची कमी भरेल, अशी तिला भीती. आता घरी जाऊन तिला काय सांगायचे?

त्याचा बाप मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, ओट्यापुढून चपला हातात घेऊन, मान खाली घालून जायचा. नागपूरला दीक्षा घेऊन आला आणि ताठ चालू लागला. पोराच्या मानेला मात्र लहानपणीचे वळण राहून गेले. खुर्चीवर कुणी बसलेला दिसला की ती आपसूक खाली जाई. आताही तो फळीखालून तसाच निघाला. दोन पावले गेला आणि गणिताने त्याला परत फिरवले. मॅट्रिकला तो गणितात साऱ्या तहसिलीत पहिला आला होता. चुकीचे गणित समोर दिसले आणि हा गप्प बसला, असे कधी झाले नव्हते. मान वर करून, थेट बडेबाबूंच्या डोळ्यांत पाहत तो बोलला.

“बाबूजी, कापाले माही ना नाही. पण कापाच्या आधी अर्धा मिळवा.”

बडेबाबूंनी चष्मा काढला. अर्धा सेंटिमीटर कोणाला फुकटात काहून द्यायचा, असे त्यांनी विचारले. फुकट कोणालाच नाही, चैतरामने समजावले. बासष्टावर तीन दशांश असलेल्याला अर्धा दिला तरी कापल्यावर तो बासष्टच राहतो. अर्ध्यापर्यंत पोचलेला तेवढा पुढच्या आकड्यावर जातो. बडेबाबूंनी रद्दी कागदावर चार-पाच आकडे मांडून पाहिले. एकही वावगा येईना. रांग मोडून सगळे टेबलाभोवती गोळा झाले. आंब्याखालचे दोघेही उठून आले, कारण त्यांच्याही टिंबापुढे बरेच काही होते.

हिसाब बरोबर आहे, असे बडेबाबूंनी मोठ्या मनाने कबूल केले आणि त्या दोघांचे अर्ज पुन्हा वर काढले. चैतरामला मात्र परत पट्टीखाली उभे केले. एवढी हुज्जत झाल्यावर लिहायच्या आधी खात्री केलेली बरी, असे त्यांना वाटले.

नथ्थूने फळी खाली आणली. मग डोळे चोळून पुन्हा पाहिले. “एकशे साडेत्रेसष्ट.”

बडेबाबू खुर्चीतून उठले आणि चैतरामच्या टाचा पाहायला वाकले. टाचा जमिनीला टेकलेल्या होत्या.

“टाचा नोका पाहू, बाबूजी,” नथ्थू म्हणाला. “पहिल्या खेपेले यानं मान खाली घातली होती.”

चैतरामला हसू आवरेना. आता अर्ध्याची गरज नाही, एकशे त्रेसष्ट लिहिले तरी पुरे, असे तो म्हणाला. बडेबाबूंनी टाक शाईत बुडवला.

“नियम तूच शिकवला ना, बेटा,” ते म्हणाले आणि तिन्ही चौकोनांत ठसठशीत लिहिले, एकशे चौसष्ट.