आतल्या खोलीतला कूलर

“आतल्या खोलीतला तो कूलर विकून टाकू,” मी म्हणालो, तर बायको माझ्यावरच खेकसली. “लोकसभेच्या मतदानाला पोरगा येईल ना! एवढ्या उन्हात पंख्याखाली झोपवता का त्याला?”

मुलगा नोकरीला बंगळुरात, पण मत अजून आमच्या गावातलं. मागच्या वेळी तेवढ्यासाठी आला होता. एरवी दिवाळीलाही त्याला सुट्टी मिळत नाही.

मतदानाच्या दिवशी हिने सकाळीच कूलर काठोकाठ भरला. संध्याकाळी मेसेज आला, कामातून निघताच आलं नाही.

निकालात आमचा पक्ष दिल्लीत हरला आणि इथला उमेदवारही थोडक्यात पडला. निम्मं गाव मतदानाला फिरकलंच नव्हतं. मी गावाच्या नावाने बोटं मोडत होतो, तेवढ्यात मुलाचा फोन आला.

“माझ्यासारखे मतदानाला आलेच नाहीत, बाबा, म्हणून हरलो. फार लाज वाटते. आता मतदार यादीत नाव इकडेच नोंदवतो. पुढच्या वेळी मत चुकणार नाही, आणि त्यासाठी तिकडे यायलाही नको.”

प्रत्येकाने मत दिलंच पाहिजे, हे जन्मभर दारोदार फिरून मीच सांगत आलो. म्हणालो, “बरोबर आहे. नोंदव.”

फोन ठेवला, तशी ही पदराला हात पुसत बाहेर आली. “काय म्हणतो?”

“पुढच्या वेळी मत देणारच म्हणतो.”

तिचा चेहरा उजळला. “बघा! आणि तुम्ही कूलर विकायला निघाला होतात.”