धरायला दादा

२०११ सालची गोष्ट. मधुमेहावर डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, तर छप्पन्न वर्षांच्या त्र्यंबकरावांनी चक्क स्केटबोर्ड आणला. "हाडं मोडून घ्याल!" इंदुमतीने कपाळाला हात लावला. ते रोज सकाळी शाळेच्या पटांगणावर जाऊ लागले.

एकदा ती पाण्याची बाटली घेऊन मागोमाग गेली आणि फाटकातच थिजली. चाकांच्या फळीवर नवरा डुगडुगत होता आणि त्याचे दोन्ही हात धरून थोरले दीर उलटे चालत होते. वाटणीपासून चौदा वर्षं हे भाऊ एकमेकांच्या घरचं पाणीही प्यायले नव्हते!

"दादा, सोडू नकोस!"

"सायकल शिकतानाही हेच बोंबलायचास, गाढवा. गुडघे वाकव!"

इंदुमतीचा पदर आपोआप डोक्यावर गेला. तिला पाहून थोरले ओशाळले. धाकट्याला खाली उतरवून त्यांनी हात पुढे केला. "पाणी आणलंस होय? दे." बाटली एका दमात रिकामी झाली.

महिनाभरात त्र्यंबकरावांना एकट्याने जमू लागलं, तरी धरायला दादा लागायचेच. तीन वर्षांनी दादा गेले. आता इंदुमती नवऱ्यासोबत चालायला जाते. फळीवर ते पुन्हा चढले नाहीत.